आई गावाला गेली नाही

निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ असे म्हणत नाही. तो ‘येतो’ म्हणतो. उंबरा ओलांडताना कुणाच्या तोंडून ‘जातो’ निघून गेलेच, तर घरातील वडीलधारी माणसे त्याला तिथल्या तिथे अडवतात आणि ‘येतो म्हण’ असे बजावतात. मृत्यूविषयी बोलतानाही आपली भाषा अशीच हळुवार होते. माणूस मेला असे आपण सहसा म्हणत नाही. तो वारला, गेला, त्याला देवाज्ञा झाली, तो देवाघरी गेला, असे म्हणतो. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धांजलीच्या पत्रकांतही ‘प्रभूच्या घरी गेले’ हे शब्द ठरलेले असतात. ही भाषा खोटी नव्हे. तिच्यात समंजसपणा आहे आणि श्रद्धेची आशाही आहे. ऐकणाऱ्याला शब्दांमागचा अर्थ ठाऊक असतो, म्हणूनच ती चालते.

परंतु ज्याला शब्द जसाच्या तसा कळतो, त्याने काय करावे? घरी गेलेला माणूस परत येतो, गावाला गेलेला परत येतो, इस्पितळात गेलेलाही बहुधा परत येतो. ‘येते हं बाळा’ असे सांगून रिक्षात बसलेली आई परत आली नाही, तर तिची वाट पाहणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असते. अशी वाट पाहणारी माणसे आपल्या धर्मग्रामात आहेत, आपल्या आळीत आहेत, काहींच्या तर घरातच आहेत. त्यांच्या शोकाविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटते.

आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो तेव्हा अशा व्यक्तींना सर्रास ‘मतिमंद’ म्हटले जाई. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ‘बौद्धिक दिव्यांग’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे. व्यवहारात आपण ‘विशेष मुले’ म्हणतो, आणि तेही प्रेमानेच. तथापि चाळिशी उलटलेल्या पुरुषाला किंवा स्त्रीला ‘मूल’ म्हणत राहिले की आपोआप एक समजूत दृढ होते : मुलाला मृत्यूची बातमी सांगायची नसते, मुलाला स्मशानात न्यायचे नसते, मूल आज रडेल आणि उद्या विसरेल. प्रौढ माणसाचा शोक असा चार दिवसांत विरून जात नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या १५ लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. पूर्वी यांपैकी पुष्कळ जण आईवडिलांच्या हयातीतच जग सोडून जात. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेसारख्या देशातही पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज तेथे ते साठीच्या घरात गेले आहे. औषधोपचार सुधारले, हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. पण त्याचा एक अर्थ असाही आहे की, ज्याला आईने जन्मभर भरवले, न्हाऊ घातले, रोज रात्री कपाळावर क्रूसाची खूण करून निजवले, त्याला आता त्या आईच्या पश्चात वीस-पंचवीस वर्षे जगायचे आहे. त्याचा शोक हा आपल्या पिढीपुढे नव्याने उभा राहिलेला प्रश्न आहे.

आमची सेवा पेण आणि रोहा या दोन गावांच्या परिसरात चालते. येथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत आणि तीही विखुरलेली. कुणी धाटावच्या कारखान्यांत नोकरीला, कुणी नागोठण्याला, कुणी रोज गाडी पकडून पनवेलकडे जाणारे. अशाच एका रोह्याच्या कुटुंबात तिशीतील एक कन्या आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. तिचे वडील सकाळच्या गाडीने कामाला जात आणि दिवेलागणीला परतत. ही स्टेशनच्या वाटेवर उभी राहून त्यांच्या हातातली पिशवी घेई. एके दिवशी वडील कामाच्या ठिकाणीच हृदयविकाराने गेले. नातलगांनी मुलीला लगोलग मावशीकडे पाठवले आणि दफनविधी आटोपल्यावरच घरी आणले. ‘पप्पा लांबच्या गाडीने गेले’ असे तिला सांगण्यात आले. सांगणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी दयाच होती.

रोहा हे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होण्याचे ठिकाण आहे. येथून पुढे गाड्या फार लांब जातात, हे त्या मुलीला चांगले माहीत होते. आणि लांब गेलेल्या गाड्या परत येतात, हेही तिने जन्मभर पाहिले होते. मग ती रोज संध्याकाळी स्टेशनवर जाण्याचा हट्ट धरू लागली. आईने अडवले की आईला मारी. जेवण कमी झाले. रात्री उठून दाराची कडी काढू लागली. कुणी म्हणाले, हिचा आजार वाढला. कुणी झोपेच्या गोळ्या सुचवल्या. तिची आई आमच्याकडे आली ती रडवेली होऊन. म्हणाली, “फादर, तिला काही कळत नाही, आणि तरी ती शांत होत नाही.”

आम्ही म्हणालो, “बाई, तिला जेवढे कळायला हवे तेवढे कळले आहे. पप्पा आले नाहीत, हे तिला घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळते. तिच्यापर्यंत पोचलेली नाही ती फक्त बातमी.”

हे आमचे एकट्याचे म्हणणे नव्हे. इंग्लंडमध्ये मॉरीन ऑस्विन या बाईंनी अशा व्यक्तींच्या वियोगदुःखाचा मागोवा घेऊन १९९१ साली एक पुस्तक लिहिले. ‘मला रडायची परवानगी आहे का?’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. त्या नावातच सारा विषय आला. पुढे १९९७ साली मानसोपचारतज्ज्ञ शीला हॉलिन्स आणि त्यांचे सहकारी एस्टरहाउझेन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आई किंवा वडील गमावलेल्या पन्नास बौद्धिक दिव्यांग प्रौढांची तुलना त्यांनी तसा वियोग न झालेल्या पन्नास जणांशी केली. वियोग झालेल्यांमध्ये चिडचिड, अस्वस्थता, उदासीनता अशी लक्षणे स्पष्टपणे अधिक आढळली. मात्र त्यांची देखभाल करणाऱ्यांना त्या वागण्याचा संबंध मृत्यूशी जोडावासा वाटत नव्हता. माणूस शोक करीत असतो आणि भोवतालचे लोक त्याला त्याचे अपंगत्व समजतात. रोह्याच्या त्या घरात नेमके हेच चालले होते.

या माणसांचा शोक पुष्कळदा उशिरा प्रकट होतो. दफनाच्या दिवशी जो हसत होता, तो तीन महिन्यांनी भिंतीवर डोके आपटतो. शिवाय त्यांचे नुकसान एकपदरी नसते. आई गेली की तिच्याबरोबर सकाळचा ठरलेला चहा जातो, आंघोळीचे ठरलेले पाणी जाते, आपली तोतरी भाषा समजणारा एकमेव कान जातो. कित्येकदा घरही सुटते आणि त्याची रवानगी भावाकडे किंवा एखाद्या संस्थेत होते. एका मृत्यूत इतक्या गोष्टी मरतात.

मग त्यांना सांगावे कसे? जाणकार सांगतात की मृत्यू कळण्याचे चार भाग आहेत. मेलेला माणूस परत येत नाही. त्याचे शरीर थांबलेले असते, त्याला भूक, थंडी, वेदना काही उरत नाही. मृत्यूला काही कारण असते. आणि प्रत्येकाला एक दिवस मरायचे असते. हे चारही भाग एकाच बैठकीत सांगण्याची गरज नाही. पण जे सांगायचे ते उघड्या, साध्या शब्दांत सांगावे. ‘झोपले’ म्हटले तर तो स्वतः झोपायला घाबरेल. ‘देवाने नेले’ एवढेच म्हटले तर तो देवावर रागावेल. ‘आजारी होते’ एवढेच सांगितले तर पुढे साध्या सर्दीतही त्याला मरणाचे भय वाटेल. आम्ही धर्मगुरू, पुनरुत्थानाची आशा सांगणे हे आमचे कामच आहे. परंतु गुड फ्रायडे गाळून ईस्टर सांगता येत नाही. लाजरसला पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरीपाशी रडला, हे संत योहानाने नोंदवून ठेवले आहे. आधी मरण मरण म्हणून सांगावे, मग आशा आशा म्हणून सांगावी. या क्रमाने सांगितलेली आशाच पुढे टिकते.

तरीही शब्द शब्दच. ज्याच्याजवळ ते थोडे आहेत, त्याला आपला शोक शब्दांत मांडा म्हणणे म्हणजे पांगळ्याला डोंगर चढायला सांगणे. येथेच कलेचे काम सुरू होते. चित्र, माती, शिवण, गाणे ही शोकाची दुसरी बोली आहे आणि ती बोलायला शाळा शिकावी लागत नाही.

शीला हॉलिन्स यांचाच दाखला द्यायचा तर, १९८९ साली त्यांनी वडिलांच्या आणि आईच्या मृत्यूवर दोन चित्रपुस्तके सिद्ध केली. त्यांच्या पानांवर गोष्टीचा एकही शब्द नाही. नुसती चित्रे. पाहणाऱ्याने आपल्या मनाने गोष्ट सांगायची, शेजारी बसलेल्याने ती ऐकायची. हॉलिन्स यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. शब्द नसलेल्या पुस्तकाची निकड त्यांना घरातूनच उमगली. पुढे या मालिकेत निरनिराळ्या विषयांवर अशी अनेक पुस्तके निघाली. त्यांच्याविषयी प्रथम वाचले तेव्हा आमच्या मनात आले की अशी पुस्तके तर आपल्या प्रत्येक चर्चच्या भिंतीवर टांगलेली आहेत! क्रूसाच्या वाटेतील स्थानांची चौदा ही संख्या पोप बाराव्या क्लेमेंट यांनी १७३१ साली कायम केली. त्याआधी आणि त्यानंतरही, अक्षर न ओळखणाऱ्या असंख्य भाविकांनी प्रभूचे दुःखसहन या चित्रांवरूनच वाचले. बाराव्या स्थानी प्रभू मरतो, तेराव्या स्थानी त्याला खाली उतरवून आईच्या मांडीवर देतात, चौदाव्या स्थानी कबरीत ठेवतात. काहीही झाकलेले नाही, आणि काहीही घाईने उरकलेले नाही. एका स्थानापाशी थांबायचे, गुडघे टेकायचे, मगच पुढे जायचे. शोकाची चाल अशीच असते.

रोह्याच्या त्या मुलीसाठी आम्ही तोच मार्ग धरला. आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गातील एका शिक्षिकेला चित्रकला अवगत आहे. त्यांनी कार्डशीटवर आठ चित्रे काढून दिली : पप्पा गाडीत बसलेले, पप्पा छाती धरून खाली कोसळलेले, डॉक्टर त्यांना तपासताहेत, पप्पा पलंगावर निश्चल, बंद शवपेटी, कबर, घरी आई आणि ती दोघीच, आणि शेवटी दोघी कबरीवर फुले वाहताना. आईने तिला जवळ घेऊन आम्ही सांगितलेली वाक्ये उच्चारली. “पप्पा मेले. त्यांचे हृदय थांबले. ते आता परत येणार नाहीत.” ती वाक्ये आईच्या ओठांबाहेर यायला किती वेळ लागला, ते आम्ही जवळून पाहिले आहे. नंतर चित्रे तिच्यापुढे मांडली आणि खडूंची पेटी ठेवली.

पहिल्या दिवशी तिने गाडीचे चित्र तेवढे उचलले, आणि कबरीचे चित्र पालथे घालून ठेवले. तीन आठवडे ते पालथेच होते. कुणी सुलटे केले नाही. तशी सक्त ताकीदच होती. चौथ्या आठवड्यात तिने शवपेटीचे चित्र ओढून घेतले आणि बंद झाकणाच्या वर निळ्या खडूने एक माणूस काढला. वडिलांचा कामावर जाण्याचा सदरा निळा असे. मग तिने बोट ठेवून विचारले, “पप्पा आत?” तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की, त्या पेटीत वडील आहेत हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आई म्हणाली, “हो गं, आत.” त्या दुपारी त्या दोघी प्रथमच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. नवऱ्याच्या मागे लेकीसमोर डोळ्यांत पाणी आणायचे नाही, असे त्या माउलीने ठरवले होते. ते बंधनही त्या दिवशी सुटले.

ही मुलगी आता स्टेशनवर मुळीच जात नाही, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. अधूनमधून जाते. पण गाडी आली की आईचा हात धरून परत फिरते. पूर्वी ती वाट पाही; आता आठवण काढते. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे.

दुसरी हकीकत पेणची. पेण म्हटले की पापड आणि पोह्यांच्या जोडीने गणपतीच्या मूर्ती आठवतात. गावात आणि हमरापूर-जोहे या भागात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. आज पुष्कळ मूर्ती प्लास्टरच्या होतात. पण शाडूचे काम जपणारी घरेही आहेत. अशाच एका घराच्या शेजारी आमचे एक कुटुंब राहते. त्या कुटुंबातला पंचेचाळिशीतला मुलगा बरीच वर्षे त्या कारखान्यात माती मळायला जातो. बोलणे दहा-बारा शब्दांचे. पण माती मळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असे तेथील कारागीर सांगतात. कारखान्याचे मालक आमच्या धर्माचे नाहीत. शेजारधर्म मात्र दोन पिढ्यांचा आहे.

याची आई दीर्घ आजाराने गेली. त्याला दफनविधीला नेले होते. त्याने कबरीत मूठभर माती टाकली. तरीही घरी आल्यावर तो मुका झाला. महिनाभर कारखान्याकडे फिरकला नाही. तेव्हा मालक स्वतः घरी आले, ओल्या शाडूचा गोळा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “चल भाऊ, माती वाळतेय.” तो गेला. त्या दिवशी त्याने माती मळली नाही. कोपऱ्यात बसून तिच्यातून तो काही घडवू लागला. संध्याकाळपर्यंत चपलांचा एक लहानसा जोड तयार झाला. आईच्या चपला. डावीचा अंगठा तुटलेला होता, तोही त्याने तसाच केला होता.

कारखान्यात कुणी हसले नाही. शाडूची वस्तू उन्हात ठेवली तर तडकते, म्हणून सावलीत हळूहळू वाळवतात. त्यानेही तो जोड मूर्तींच्या रांगेत सावलीला ठेवला. दोन दिवसांनी उचलताना एक चप्पल फुटली आणि तो किंचाळत सुटला. तेव्हा एका कारागिराने ते तुकडे त्याच्यादेखत पाण्यात टाकले, भिजू दिले आणि पुन्हा गोळा करून त्याच्या हाती दिले. न भाजलेल्या मातीचा हा मोठा गुण आहे. ती फुटते, पण वाया जात नाही. त्याने पुन्हा चप्पल केली. शोक एकदा करून संपत नाही; तो पुनःपुन्हा भिजवून पुनःपुन्हा घडवावा लागतो, हे आम्हांला त्या कारखान्यात जितके स्पष्ट दिसले तितके कुठल्या ग्रंथात दिसले नव्हते.

त्या भाद्रपदात एक अवघड प्रसंग आला. विसर्जनाची मिरवणूक त्याने दरवर्षीप्रमाणे पाहिली. मूर्ती पाण्यात गेली, लोकांनी पुढच्या वर्षी लवकर येण्याचे आवतण दिले. दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना विचारले, “आई पुढच्या वर्षी?” जन्मभर त्याने हेच पाहिले होते : भाद्रपदात मूर्ती जाते आणि वर्षाने पुन्हा पाटावर येते. मालक क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नाही रे भाऊ. मूर्ती आम्ही दरवर्षी नवी करतो. आई नवी करता येत नाही.” वेदान्ताची पारायणे केलेला पंडित किंवा ईशज्ञान शिकलेला धर्मगुरू याहून सरळ उत्तर देऊ शकला असता, असे आम्हांला वाटत नाही. तो पुष्कळ रडला. त्यानंतर हळूहळू त्याचे दहा-बारा शब्द परत आले.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या दिनी, त्याने मातीच्या चपला आईच्या कबरीवर ठेवल्या. त्या पुढल्या पावसात विरघळल्या. तेव्हापासून तो दरवर्षी नवा जोड करतो. आजवर तीन झाले.

या दोन हकीकती सांगण्यामागे आमचा हेतू इतकाच की, हे काम करायला मोठे सामान किंवा मोठी पदवी लागत नाही. आपल्या घरांत त्याची साधने पूर्वापार आहेत. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची आपल्याकडे रीतच आहे. त्या गोधडीचे तुकडे दिवंगत आईच्या मुलालाच निवडू द्यावेत, धागा त्याला ओवू द्यावा. टाके वाकडे पडले तरी उसवू नयेत. पत्र्याच्या एका पेटीत आईचा चष्मा, तिची रोजरी, तिचा हळकुंडाचा डबा ठेवावा आणि ती पेटी त्याला हवी तेव्हा उघडू द्यावी. जो गाऊ शकतो त्याने आईचे आवडते भक्तिगीत गावे. ज्याला गाता येत नाही त्याने टाळ किंवा डबा वाजवावा. फोटोंची वही करून तिच्यात आईचे बालपण, लग्न, आजार आणि कबर असा सारा क्रम लावावा. शेवटची पाने गाळू नयेत.

दोन-तीन पथ्ये मात्र पाळावीत. त्याने काय काढावे, कसे काढावे, हे आपण ठरवू नये. आईचा चेहरा काळ्या रंगात रंगवला तर तो रंग बदलायला लावू नये. ‘किती छान!’ म्हणण्यापेक्षा ‘सांग बघू, हे काय?’ असे विचारावे. ती वस्तू त्याच्या संमतीविना पाहुण्यांपुढे मांडू नये, पॅरिशच्या मेळाव्यातही नाही; तो त्याचा विलाप आहे, आपले प्रदर्शन नव्हे. आणि ज्याला कलेत गोडी नाही, त्याच्यावर ती लादू नये. काहींचा शोक अंगण झाडण्यात किंवा विहिरीवर पाणी शेंदण्यातच निघतो. पुष्कळ दिवस अन्न तुटले, झोप उडाली, तो स्वतःला इजा करू लागला, तर मात्र माती आणि खडू यांच्यावर विसंबून राहू नये. डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांना त्या मृत्यूची हकीकत आवर्जून सांगावी.

शोकाचा सर्वांत मोठा कलाविष्कार तर प्रभूसभेने आपल्याला आयताच दिला आहे : अंत्यविधी. मेणबत्ती, तीर्थ, धूप, गाणे, मूठभर माती. यांपैकी प्रत्येक गोष्ट हाताने करायची, नाकाने हुंगायची, कानाने ऐकायची आहे. ज्याची बुद्धी मंद म्हणून आपण त्याला घरी कोंडून ठेवतो, त्याच्यासाठीच जणू हा विधी रचला आहे. म्हणून आमचे सर्व कुटुंबांना आग्रहाचे सांगणे आहे की, त्याला दफनविधीला न्या. काय दिसेल ते आधी सांगा. शेजारी एक ओळखीचे माणूस त्याच्यासाठीच नेमा, जे त्याला वाटेल तेव्हा बाहेर घेऊन जाईल. आईच्या कपाळाला हात लावायचा का, ते त्याला विचारा. लावायचा नसेल तर ओढू नका. तो मोठ्याने रडला, विचित्र आवाज काढला, मध्येच हसला, तर लोकांनी माना वळवून पाहू नये.

आणखी एक गोष्ट. वियोगाची तयारी वियोगानंतर करता येत नाही. आईवडील हयात असतानाच ‘आमच्यानंतर तू कुणाकडे राहशील’ हे त्याच्याशी बोलले पाहिजे, त्या घरी त्याला चार रात्री राहायला नेले पाहिजे, त्याचे चित्र त्याच्या वहीत चिकटवले पाहिजे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती ते काम पाहते. रायगडकरांना त्यासाठी अलिबागला जावे लागते. डोंबिवलीजवळ खोणी येथे अशाच मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन ‘घरकुल’ उभारले, ते ‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नाने झोप उडाली म्हणूनच. पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्टची विशेष शाळा आहे. जवळच्या पालकांनी तेथील अनुभवी मंडळींशी बोलावे. एकट्याने हे ओझे वाहू नये.

पुष्कळ आया आम्हांला कानात सांगतात, “फादर, देवाने याला माझ्याआधी एक दिवस न्यावे, एवढीच प्रार्थना आहे.” ही प्रार्थना आम्ही अनेकदा ऐकली आहे आणि ऐकताना दरवेळी आमची मान खाली गेली आहे. एक आई आपल्या लेकराचे मरण मागते, कारण तिच्या मागे त्याचे रडणे समजून घेणारा कुणी असेल असा तिला भरवसा वाटत नाही. तो भरवसा तिला देणे हे धर्मग्रामाचे काम आहे. त्यासाठी फार काही नको. तो आला तर त्याला बसायला पाट द्यावा, हातात मातीचा गोळा किंवा खडू द्यावा, आणि त्याने आईविषयी विचारले तर खरे सांगून त्याच्याजवळ बसून राहावे.

नोव्हेंबर महिन्यात आपण सिमेट्रीत जाऊ, कबरी धुऊ, मेणबत्त्या लावू. तेव्हा घरातल्या या भावाला किंवा बहिणीला घरी ठेवून जाऊ नका. पेटती मेणबत्ती त्याच्या हातात द्या आणि ती कुठे लावायची, ते त्यालाच ठरवू द्या.